सोन्याच्या सुईचा प्रवास

१९७५च्या जुलैमध्ये बीजिंगला माओ झेडाँग यांच्या डोळ्यावर शस्त्रक्रिया झाली. मोतीबिंदूमुळे त्यांना वाचता येईनासं झालं होतं. नेत्रवैद्य थांग योउझ यांनी बुबुळाच्या कडेपासून काही मिलिमीटरवर बारीक छेद घेतला, सुई आत नेली आणि गढुळलेलं भिंग जागेवरून सोडवून खाली ढकललं. भिंग बाहेर काढलंच नाही. ते प्रकाशाच्या वाटेतून दूर, डोळ्यातच राहिलं. काही मिनिटांत काम झालं.

ही सुई आपल्याकडून गेलेली. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात लिंगनाशावर, म्हणजे मोतीबिंदूवर, हीच शलाकेची (सुईची) क्रिया सांगितली आहे. बौद्ध भिक्षूंबरोबर ती चीनमध्ये पोचली. वांग थाओने ७५२ मध्ये संकलित केलेल्या ग्रंथात सोन्याच्या सुईचा उपाय येतो. थांग राजवटीच्या काळातल्या लिउ युशी या कवीने तर एका भारतीय नेत्रवैद्य भिक्षूला उद्देशून कविता लिहिली. जुन्या चिनी नेत्रग्रंथांपैकी एक चक्क भारतीय बौद्ध आचार्य नागार्जुनाच्या नावाने ओळखला जातो.

चिनी वैद्यांनी मात्र उसनी विद्या तशीच ठेवली नाही. १८व्या शतकात हुआंग थिंगजिंगने सुईचं काम आठ पायऱ्यांत बांधलं आणि त्यांना नावं दिली: समुद्र ढवळणे, पडदा गुंडाळणे, गोल आरसा. एका पायरीचं नाव काळ्या ड्रॅगनला चाचपण्याचं आहे. दंतकथेत त्याच्या हनुवटीखाली मोती असतो. मोतीबिंदू म्हणणाऱ्या आपल्याला हे नाव परकं वाटू नये. सुई नेमकी कुठे टोचायची, हे हुआंगच्याच पोथीतून थांग योउझ यांनी नव्याने तपासून पक्कं केलं.

सुईच्या जोडीला औषधं होतीच. डोळा यकृताशी आणि बाहुली मूत्रपिंडाशी जोडलेली, असं तिथलं शास्त्र मानतं. म्हणून दोन्हींना बळ देणाऱ्या, गोजीची फळं आणि शेवंती घातलेल्या गोळ्या देतात. नजर उजळवणारं म्हणून तिथे ज्या बियांचा काढा पितात, त्या आपल्या पावसाळी टाकळ्याच्या. पण गढूळ झालेलं भिंग कोणत्याही काढ्याने पुन्हा स्वच्छ होत नाही, हे स्पष्ट सांगायलाच हवं. सुईनेही धोका असे: डोळ्यात राहिलेल्या भिंगामुळे सूज येई, दाब वाढे, कधी उरलेली नजरही जाई.

जुने वैद्य मोतीबिंदू पिकण्याची वाट पाहत, कारण कच्चं भिंग सुईला नीट सरकत नसे. आजच्या शस्त्रक्रियेत भिंग काढून कृत्रिम भिंग बसवतात, त्यासाठी पिकण्याची गरज नाही. आपल्या घरांत मात्र अजून 'पिकू द्या' म्हणतात. घरातल्या आजीला धूसर दिसू लागलं असेल, तर तिला तपासणीला आत्ताच न्या.