वीस झोके

निरीक्षण, प्रश्न, गृहीतक, प्रयोग, निष्कर्ष. वैज्ञानिक पद्धतीच्या या पायऱ्या मुलं घडाघडा म्हणून दाखवतात. मी मात्र नववीच्या वर्गाच्या हातात आधी दोरा आणि लोखंडी नट देतो.

दोऱ्याला नट बांधून लोलक टांगायचा. टांगल्या जागेपासून नटाच्या मध्यापर्यंत ५० सेंटिमीटर. प्रश्न एवढाच : वजन वाढवलं तर झोका लवकर पुरा होईल की उशिरा? लोलकाला हात लावण्याआधी प्रत्येकानं आपलं उत्तर पेनानं वहीत लिहायचं; नंतर खाडाखोड चालणार नाही. याबाबतीत मी हटून बसतो. अंदाज आधी लिहिलेला नसेल तर आकडे आल्यावर ‘मला वाटलंच होतं’ म्हणायला सगळेच मोकळे.

वेळ वीस झोक्यांची घ्यायची. स्टॉपवॉचचं बटण दाबायला थोडा उशीर झालाच, तर तो वीस झोक्यांत विभागला जातो. मोजायला सुरुवात ‘शून्य’ म्हणून करायची; ‘एक’ म्हणून सुरू केलं की मोजले जातात एकोणीसच.

एका नटाला २८.४ सेकंद लागले. मग एका गटानं त्याच्याखाली आणखी दोन नट लटकवले. २९.५! “सर, जड लोलक हळू जातो!” पुन्हा मोजलं, पुन्हा तेवढेच. सगळी मोजणी चोख, तरी निष्कर्ष चुकीचा. पूर्ण तासात मला सर्वांत मोलाची वाटते ती ही जागा. इथे उत्तर सांगून टाकायचा मोह आवरावा लागतो. मी फक्त विचारलं, “काय काय बदललंत?”

“वजन. बाकी काहीच नाही.”

एका मुलीनं पट्टी लावून पाहिली. नट खाली लटकवल्यामुळे वजनाचा मध्य ४ सेंटिमीटर खाली सरकला होता. वजनाबरोबर लांबीही वाढली होती! तिन्ही नट एकत्र बांधून मध्य पुन्हा ५० वर आणला, तेव्हा वेळ २८.४ च्या आसपास आली. वजनाचा काही संबंध नाही, हे त्यांना आता कुणी सांगावं लागलं नाही. पुढची पायरी त्यांनीच गाठली : नट एकच ठेवून दोरा बदलायचा. २५ सेंटिमीटरला वीस सेकंद, एक मीटरला चाळीस. लांबी चौपट, वेळ दुप्पट.

तेवढ्यात मागच्या बाकावरून प्रश्न आला, “झोका मोठा घेतला तर?” झोका लहान असो वा मोठा, वेळ सारखीच, असं गॅलिलिओनं १६०२ मधल्या एका पत्रात मांडलं होतं. मुलांनी दोरा जवळजवळ साठ अंशांपर्यंत ओढून सोडला, तेव्हा दहा झोक्यांतच फरक दिसू लागला. गॅलिलिओचं म्हणणं लहान झोक्यांपुरतंच जवळपास खरं आहे. पुढे शास्त्रज्ञ हायगेन्सनं हा फरक गणितानं उलगडला. मुलांनी वहीत अट लिहून घेतली : दोरा दहा अंशांपेक्षा जास्त ओढायचा नाही. आणि पुढच्या तासासाठी कोनमापक मागवला.