जुळलेली तेरीज आणि चालणारा प्रोग्राम

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला आरंभीच एक गोष्ट बजावली जाते: तेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर आहे असे समजू नये. एका ग्राहकाची जमा दुसऱ्याच्या खात्यात टाकली, किंवा यंत्राच्या दुरुस्तीचा खर्च यंत्राच्या किमतीत मिळवला, तरी दोन्ही बाजूंच्या बेरजा तंतोतंत जुळतात. संगणकाच्या प्रोग्रामचेही तसेच आहे. तो कुठेही न अडखळता चालतो, पडद्यावर उत्तर दाखवतो, आणि तरीही ते उत्तर चुकीचे असू शकते. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने प्रोग्रामिंग शिकू पाहणाऱ्या व्यापारी घरांतील मुलामुलींनी, सुनांनी आणि वडीलधाऱ्यांनीही हा जुना धडा आधी ध्यानात घ्यावयास हवा.

यंत्राने शिकवावे ही कल्पना नवी नाही. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात १९६० साली ‘प्लेटो’ नावाची संगणकीय शिक्षणप्रणाली सुरू झाली होती. १९८४ मध्ये शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम यांनी असे मांडले की, शिक्षकाकडे एकट्याने शिकणारा सर्वसाधारण विद्यार्थी नेहमीच्या वर्गातील सुमारे ९८ टक्के विद्यार्थ्यांच्या पुढे जातो. नंतरच्या अभ्यासांत हा फरक इतका मोठा आढळला नाही. पण स्वतंत्र शिकवणीचा लाभ वादातीत राहिला. अडचण होती ती खर्चाची. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाले आणि ही अडचण बरीच कमी झाली. दुकान वाढवून रात्री घरी आल्यावर मराठीत विचारलेल्या प्रश्नाला, तोच प्रश्न पाचव्यांदा विचारला तरी न कंटाळता उत्तर देणारा शिक्षक मोबाइलवर उपलब्ध झाला.

अशा शिक्षकाकडून काय शिकता येते, हे बिलाच्या साध्या उदाहरणावरून स्पष्ट होईल. पायथॉन ही नवशिक्यांना सोयीची प्रोग्रामिंगची भाषा. तिच्यात ०.१ आणि ०.२ यांची बेरीज करावयास सांगितली, तर नेमके ०.३ येत नाही. तीनच्या पुढे पंधरा शून्ये आणि शेवटी चार, असा आकडा उमटतो. नवशिक्या गोंधळतो. पुस्तकात शोधावे म्हटले, तर या प्रकाराला म्हणतात काय हेच त्याला ठाऊक नसते. यंत्रशिक्षकाला मात्र जे दिसले ते जसेच्या तसे सांगता येते आणि तो कारण उलगडून दाखवतो. एक-तृतीयांश दशांशात लिहू गेल्यास ०.३३३ ही रांग जशी संपतच नाही, तसा एक-दशांश संगणकाच्या शून्य-एकच्या भाषेत पूर्ण लिहिता येत नाही. तो कुठेतरी तोडावा लागतो. म्हणून पैशांच्या हिशेबात रक्कम रुपयांच्या अपूर्णांकात न ठेवता एकूण पैशांत, म्हणजे पूर्णांकात ठेवावी, अथवा पायथॉनमधील ‘डेसिमल’ ही सोय वापरावी.

पुढची चूक अधिक घातक, कारण ती सहसा दिसत नाही. रक्कम पूर्ण रुपयांत आणण्यासाठी पायथॉनमध्ये ‘राउंड’ ही आज्ञा आहे. तिला १०२.५० दिले तर ती १०२ सांगते, आणि १०३.५० दिले तर १०४. नेमके पन्नास पैसे असतील तेव्हा जवळच्या सम संख्येकडे वळावयाचे, असा तिचा नियम. या रीतीला ‘बँकर्स राउंडिंग’ असेच नाव आहे. असंख्य रकमांच्या बेरजेत झुकाव एकाच बाजूला राहू नये, हा तिचा हेतू. परंतु केंद्रीय वस्तू व सेवा कर अधिनियम, २०१७ च्या कलम १७० प्रमाणे पन्नास पैसे किंवा त्याहून अधिक असल्यास पुढचा पूर्ण रुपया धरावा लागतो. म्हणजे कायद्याने १०३ रुपये होणारा कर हा प्रोग्राम १०२ दाखवील, आणि कोणतीही कुरकुर न करता दाखवील. यंत्रशिक्षकाला या कलमाविषयी विचारले तर तो दुरुस्ती सुचवू शकतो. पण तसे विचारावे, ही जाण पेढीवरच्या माणसाकडे असावी लागते.

खरा प्रश्न येथेच उभा राहतो. हा शिक्षक मागितले की संपूर्ण प्रोग्राम क्षणार्धात लिहून देतो. तो उतरवून घेणारा काही शिकतो का? पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधकांनी तुर्कस्तानातील जवळपास एक हजार शालेय विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. विषय गणिताचा होता, पण बोध प्रोग्रामिंगलाही लागू पडतो. साधे चॅट-साधन हाताशी असलेल्या गटाची सरावातील कामगिरी ४८ टक्क्यांनी सुधारली. मात्र साधन काढून घेऊन परीक्षा घेतली, तेव्हा ज्यांना ते कधीच मिळाले नव्हते त्यांच्यापेक्षा या गटाची कामगिरी १७ टक्क्यांनी खाली आली. तिसऱ्या गटाच्या साधनाला तयार उत्तर न देता केवळ दिशा दाखवण्याची ताकीद होती. तेथे हे नुकसान बहुतांशी टळले.

हार्वर्ड विद्यापीठाच्या ‘सीएस५०’ या प्रसिद्ध अभ्यासक्रमाने २०२३ पासून हीच वाट धरली. प्रोग्रामर मंडळींत एक जुनी युक्ती आहे: अडले की टेबलावरच्या रबरी बदकाला आपला कोड एकेक ओळ समजावून सांगावा, सांगता सांगता चूक आपोआप उघडी पडते. त्या बदकाचेच रूप दिलेला तेथील यंत्रशिक्षक विद्यार्थ्याला इशारे देतो, त्रुटीचा अर्थ सांगतो, पण तयार उत्तर हाती ठेवत नाही.

घरी शिकणाऱ्यालाही अशी शिस्त लावून घेता येते. आरंभीच शिक्षकाला बजावावे, “उत्तर देऊ नकोस, पुढची एकच पायरी सुचव.” पाच जुन्या बिलांचा हिशेब आधी कागदावर करावा आणि मगच प्रोग्रामचे उत्तर त्याच्याशी ताडून पाहावे. त्या पाचांत पन्नास पैशांचे, परत आलेल्या मालाचे आणि शून्य रकमेचे बिल मुद्दाम घ्यावे. ज्या ओळीचा अर्थ स्वतःच्या शब्दांत सांगता येत नाही, ती ओळ ठेवू नये. हा शिक्षक चुकीची गोष्टही ठामपणे सांगू शकतो; म्हणून कराचा दर आणि नियम मूळ अधिसूचनेतच पाहावेत. ग्राहकांची नावे, पॅन क्रमांक आणि बँक खात्यांचे तपशील त्याच्यापुढे ठेवू नयेत; सरावासाठी काल्पनिक नावे पुरेशी असतात.

मुनीम कितीही हुशार असला तरी मालकाला वही वाचता आली पाहिजे, हा पेढीचा जुना दंडक. नवा मुनीम वेगवान आहे, अहोरात्र हजर आहे आणि पगारही मागत नाही. पण कराच्या विवरणपत्रावर त्याची सही चालत नाही. ज्याची सही त्यावर उमटते, त्याला १०२ की १०३ हे सांगता आलेच पाहिजे.