एडिंबराच्या बागेत, पावसात

सकाळी ७.३०

एप्रिलचा शेवटचा आठवडा आहे आणि बाहेर पिरपिर लागली आहे. इथला पाऊस आपल्यासारखा कोसळत नाही. वर्षभरात मिळून साधारण ७०० मिलिमीटर पडतो, म्हणजे महाबळेश्वरला जुलैतल्या आठवड्या-दोन आठवड्यांत पडतो तेवढा. पण तो थांबतही नाही. समुद्राकडून धुकं चढतं, किल्ला दिसेनासा होतो आणि दिवसभर अंगावर ओल बसून राहते. घरमालकीण म्हणाल्या, "आज बागेत कशाला जाता? उद्या ऊन पडेल." पण वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या माणसानं पावसाचा दिवस का सोडावा? पानं धुतली जातात, खोडावरचं शेवाळ फुगून हिरवं होतं, आणि गर्दी नसल्यामुळे बागेत काम करणारी माणसं दिसतात.

शिवाय माझं निम्मं काम छपराखालचंच आहे. मी पुण्याहून आले ती कारवीचे जुने नमुने पाहायला.

सकाळी ८.४५

लोदियन कंपनीची दुमजली बस इनव्हर्लीथ रोवर सोडते. रॉयल बोटॅनिक गार्डन लोकांसाठी दहाला उघडते, हर्बेरियमची माणसं मात्र नऊच्या आत कामाला लागलेली असतात. ओला कोट आणि छत्री बाहेर अडकवायची. वाळवलेल्या वनस्पतींचे सुमारे ३० लाख नमुने या इमारतीत आहेत, आणि त्यांचे शत्रू दोनच: दमटपणा आणि किडे. बाहेरून आलेला कुठलाही नमुना आधी अतिथंड पेटीत ठेवतात, किडा मरतो, मगच तो कपाटाकडे जातो.

ही संस्था १६७० सालची. रॉबर्ट सिबल्ड आणि अँड्र्यू बॅल्फर या दोन डॉक्टरांनी होलीरूडच्या राजवाड्याजवळ औषधी झाडांसाठी छोटासा तुकडा घेतला, तिथून सुरुवात झाली. आपल्याकडे शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक व्हायचा होता, तेव्हाची ही गोष्ट.

सकाळी ९ ते १२

समोर फोल्डर उघडलं. जाड कागदावर पट्ट्यांनी बसवलेली कारवीची फांदी. ओल्या कारवीचा निळा-जांभळा रंग ज्यानं सह्याद्रीत पाहिला आहे, त्याला ही तपकिरी फुलं पाहून वाईट वाटेल. भिंगाखाली मात्र सगळं जागच्या जागी आहे: फुलांखालच्या छदांचे ठसठशीत काठ, त्यांवरची लव, एका बोंडाची अर्धवट उकललेली फाक. कोपऱ्यात कागदाची इवलीशी पाकिटं, गळून पडलेले तुकडे त्यात जपून ठेवलेले. पन्नास वर्षांनी कुणाला एखादा परागकण हवा असेल, तर त्यासाठी.

मग नजर खालच्या छापील चिठ्ठीवर जाते आणि मन खट्टू होतं. 'मलबार, कोकण, इत्यादी'. गोळा करणारे: 'स्टॉक्स, लॉ, इत्यादी'. बस. गाव नाही, घाट नाही, तारीख नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला जोसेफ हुकर आणि टॉमस टॉमसन यांनी भारतातून गोळा झालेल्या नमुन्यांचे संच करून युरोपभरच्या संग्रहांना वाटले, त्यांतला हा एक. वाटप करताना मुंबई इलाख्यातल्या निरनिराळ्या लोकांचं साहित्य एकाच चिठ्ठीखाली गेलं.

कुणी म्हणेल, त्यानं काय बिघडलं? वनस्पती तर ओळखता येते ना? पण कारवी दरवर्षी फुलत नाही. सात-आठ वर्षांनी डोंगरच्या डोंगर एकदम फुलतात, बी धरतात आणि मरतात. मग वाळक्या काठ्या तोडून कुडाच्या भिंतींसाठी नेतात. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात २०१६ मध्ये बहर आला, पुढचा २०२४ मध्ये. एका डोंगरावरचं साल दुसऱ्याशी जुळतंच असं नाही. या चिठ्ठीवर साल आणि गाव असतं, तर पावणेदोनशे वर्षांपूर्वी कुठला डोंगर कधी फुलला हे कळलं असतं आणि तिथून आजपर्यंतचे बहर मोजता आले असते. फांदी इतकी उत्तम टिकली आणि तिचा अर्धा अर्थ कायमचा गेला, तो दोन ओळी न लिहिल्यामुळे.

पुढचे कागद विसाव्या शतकातले. त्यांवर गाव, उंची, तारीख, स्थानिक नाव, सगळं आहे. तीन तासांत माझी वही त्यांनीच भरली.

दुपारी १२.१५

बाहेर पडले. पाऊस तसाच. इथे पावसासाठी बाग बंद होत नाही, वाऱ्यासाठी होते, कारण जुनी झाडं वाऱ्यात माणसांवर पडू शकतात.

एप्रिल म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉनचा महिना. सह्याद्रीत हे झाड नाही. आपल्याला सर्वांत जवळचं निलगिरीच्या डोंगरांत भेटतं. इथे मात्र त्याच्या जगातल्या सर्वांत श्रीमंत संग्रहांपैकी एक आहे. लाल, गुलाबी, मलईच्या रंगाचे गुच्छ पाण्याच्या भाराने वाकलेले, खाली पायवाटेवर पडलेल्या फुलांचा चिखल. येणारा प्रत्येक जण फुलाचाच फोटो काढतो. मी मात्र म्हणेन, पान उलटा. मोठ्या पानांच्या जातींत खालच्या बाजूला गंजाच्या रंगाची दाट लव असते, घोंगडीसारखी. वरून पाणी ओघळून जातं आणि ही बाजू कोरडी राहते. पानाची श्वसनरंध्रं याच बाजूला असतात. ढगात बुडालेल्या हिमालयी उतारावर महिनोन्महिने भिजत राहणाऱ्या झाडाला ही कोरडी बाजू हवीच. हे उन्हाच्या दिवशी पुस्तकात वाचून समजतं, पावसात बोट लावलं की लगेच पटतं.

यांतली कितीतरी झाडं जॉर्ज फॉरेस्टनं युन्नानमधून पाठवलेल्या बियांपासून वाढली आहेत. हा माणूस आधी याच संस्थेच्या हर्बेरियममध्ये कारकुनी करत होता. १९०४ पासून तो चीनमध्ये जाऊ लागला आणि १९३२ मध्ये तिथेच वारला. सात मोहिमा झाल्या. डोंगर चढून बी आणायचं काम मोठ्या प्रमाणात नाशी जमातीच्या माणसांनी केलं. त्यांचा प्रमुख झाओ चेंगझांग. त्याचं नाव आज अभ्यासकांना ठाऊक आहे, बाकीच्या बहुतेकांची नावं कुठल्याच पाटीवर नाहीत.

पाट्यांबद्दल सांगायलाच हवं. काळ्या पट्टीवर पांढरी अक्षरं: कुळ, शास्त्रीय नाव, मूळ प्रदेश, आणि एक आठ आकडी क्रमांक. त्यातले पहिले चार आकडे म्हणजे ते झाड कुठल्या वर्षी संस्थेच्या नोंदीत आलं ते साल. तो क्रमांक घेऊन कार्यालयात गेलं, तर बी कुणी दिलं, कुठल्या डोंगरावरचं, हे शोधता येतं. हा आकडा नसता, तर ही जागा एक सुरेख उद्यान ठरली असती, वनस्पती उद्यान नव्हे. माझ्या मते दोहोंतला फरक एवढाच आहे, आणि तो मोठा आहे.

दुपारी २

डबा खाल्ला आणि 'बोटॅनिक कॉटेज'मध्ये डोकावले. १७६० च्या दशकातलं हे दुमजली घर. बाग लीथ वॉकला असताना तिचे प्रमुख जॉन होप वरच्या मजल्यावर विद्यार्थ्यांना शिकवत. १८२० नंतर बाग इनव्हर्लीथला आली तेव्हा मुख्य माळी विल्यम मॅकनॅब यांनी वाढलेली झाडं मुळांसकट गाड्यांवर घालून हलवली. घर मात्र तिथेच राहिलं, पुढे पडायला आलं. लोकांनी आग्रह धरला म्हणून ते दगडादगडानं सोडवून इथे आणलं आणि २०१६ मध्ये पुन्हा उघडलं. आज तिथे शाळेची मुलं कुंड्यांत बी पेरत होती.

दुपारी २.३० ते ४.३०

आता ज्या गोष्टीची सकाळपासून ओढ होती ती. ग्रंथालयात 'दापुरी ड्रॉइंग्ज' या नावाने ओळखला जाणारा जलरंगांचा संच आहे. दापुरी म्हणजे आपलं दापोडी. दापोडी म्हटलं की आज एसटीची कार्यशाळा आणि मुळा-पवनेचा संगम आठवतो. १८२८ मध्ये मुंबईचे गव्हर्नर जॉन माल्कम यांनी तिथे सरकारी वनस्पती उद्यान सुरू केलं. १८३८ मध्ये अलेक्झांडर गिब्सन हा स्कॉटिश डॉक्टर त्याचा प्रमुख झाला. दापोडीला आणि जुन्नरकडे हिवऱ्याला त्याने सैन्याच्या दवाखान्यांसाठी औषधी झाडं लावली. १८४७ मध्ये तो मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला. जंगल तुटलं की कोकणातले झरे आटतात, असं तो सरकारला तेव्हा सांगत होता. १८६१ मध्ये डॅल्झेल या सहलेखकाबरोबर त्याचं 'बॉम्बे फ्लोरा' प्रसिद्ध झालं. आमच्या पिढीनं ते झेरॉक्सवर वाचलं आहे.

१८४७ ते १८५० या काळात गिब्सननं बागेतल्या झाडांची चित्रं काढून घेतली. आपल्या मातीतली झाडं आहेत आणि परदेशातून आणून रुजवलेलीही. चित्रकाराला वनस्पतिशास्त्राची शिस्त कळत होती, पण त्याने फुलाचा जिवंतपणा जाऊ दिलेला नाही. पानाची शीर कागदावर हलक्या हातानं उमटते आणि टोकाशी विरते. हिरव्यात हिरवे किती असावेत! पुण्याच्या जवळ, उन्हाच्या झळा आणि माश्या सोसत, तोडलेली फांदी कोमेजायच्या आत हे रंग लावले गेले असणार. चित्रं पाहताना मला वारंवार थांबावं लागलं, इतका अभिमान वाटला.

आणि या चित्रकाराचं नाव नोंदलेलं नाही. तो पोर्तुगीज-भारतीय होता, एवढंच कळतं. म्हणजे बहुधा गोमंतकीय. हेन्री नॉल्टी यांनी २००२ मध्ये या चित्रांवर सबंध पुस्तक लिहिलं म्हणून जगाला ती ठाऊक झाली. झाडाचं नाव आहे, बागेचं आहे, साहेबाचं आहे. ज्याच्या हातानं हे झालं त्याचं नाही. सकाळची ती 'स्टॉक्स, लॉ, इत्यादी' चिठ्ठी मला आठवली. 'इत्यादी' या शब्दात किती माणसं गेली असतील!

दापोडीची बाग १८६५ च्या सुमारास बंद झाली. पुढे १८७३ मध्ये गणेशखिंडीला उद्यान झालं, ते आजही कृषी विद्यापीठाकडे आहे. एडिंबराची बागही अनेकदा हलली, पण टिकली.

सायंकाळी ४.४५

रॉक गार्डनमध्ये एक माळीणबाई पावसात गुडघ्यावर बसून काम करत होत्या. वाफ्यावर फळी टाकून तिच्यावर गुडघे टेकलेले, म्हणजे ओल्या मातीवर भार येऊन ती घट्ट होत नाही. लावणी झाली की त्या खिशातून पेन्सिल काढून वहीत टिपत आणि मगच पुढच्या रोपाला हात घालत. मी विचारलं, पावसात वहीचं काय होतं? त्यांनी पान दाखवलं. जलरोधक कागद होता. "आज नाही लिहिलं तर उद्या मलाच आठवणार नाही," म्हणाल्या.

सायंकाळी ६

दार बंद व्हायची वेळ. आता माझी एक विनंती. १८४७ ते १८५० या काळात बहुधा गोव्याचा असलेला एक चित्रकार पुण्याजवळ दापोडीच्या सरकारी बागेत कामाला होता. पुण्यात तेव्हा गोमंतकीय ख्रिस्ती वस्ती होती. क्वार्टर गेटजवळचं सिटी चर्च अठराव्या शतकाच्या अखेरीचं आहे. त्या चर्चच्या किंवा गोव्यातल्या एखाद्या चर्चच्या बाप्तिस्मा-विवाहाच्या दप्तरात, कुणाच्या घरच्या जुन्या पत्रात, वंशावळीत, पेटीच्या तळाशी त्या चित्रकाराचा मागमूस असू शकतो. आपल्या घरात 'पणजोबांचे पणजोबा साहेबाच्या बागेत चित्रं काढायचे' असं कुणी म्हणत असेल, तर ते हसण्यावारी नेऊ नका. कागद असेल तर त्याची प्रत काढा, सांगणारी आजी असेल तर तिचं बोलणं उतरवून घ्या, आणि जवळच्या महाविद्यालयातल्या वनस्पतिशास्त्र विभागाला किंवा गोव्याच्या पुराभिलेखागाराला कळवा.