वस्तरा हाती धरताना

वस्तऱ्याची पाठ जाड आणि धार अतिशय पातळ असते. ही जाडी केवळ बळकटीसाठी नसते. पाते दगडावर किंवा चामड्यावर आडवे ठेवले की पाठ आणि धार दोन्ही एकदम टेकतात, आणि धारेचा कोन आपोआप ठरतो. त्यामुळे पाजवताना पाठ उचलायची नाही, हा पहिला नियम.

बलुतेदारीच्या काळात देशावरच्या गावांत न्हाव्याच्या धोकटीत वस्तऱ्याबरोबर सहाण, चामोटा (वस्तरा परजायचा चामड्याचा पट्टा), वाटी, कात्री आणि नखे काढायची नराणी असे. वर्षभराच्या हजामतीचे बलुते सुगीला धान्यात मिळे. अमेरिकेत १९०३ साली जिलेटचे बदलत्या पात्याचे यंत्र विक्रीला आले आणि पुढे घरच्या घरी दाढी करणे सोपे झाले. रक्तातून पसरणाऱ्या रोगांचा धोका ओळखून सलूनमध्येही आता मुठीत अर्धे ब्लेड बसवलेला वस्तरा वापरतात. गिऱ्हाईक बदलले की ब्लेड बदलते. नवशिक्यालाही हाच वस्तरा सोयीचा, कारण धार लावायची चिंता न करता आधी हात बसवता येतो.

निम्मे काम वस्तरा लावण्यापूर्वीच होते. कोमट पाण्याने केस दोन-तीन मिनिटे भिजवले की ते पाणी शोषून मऊ होतात. पुणे जिल्ह्यातल्या न्हावरे-शिरूर-दौंडच्या ऊसपट्ट्यात बोअरचे पाणी जड असेल तर साबणाला फेस कमी येतो; अशा वेळी उकळून निवळलेले किंवा आरओ फिल्टरचे पाणी घ्यावे. फेस दाट आणि ओला हवा, वाळू लागला की पुन्हा लावावा.

अंगठा पात्याच्या बुडाशी खालून, तीन बोटे वरून आणि करंगळी शेपटीवर, अशी पकड असते. धार त्वचेशी साधारण ३० अंशांत ठेवावी. कोन वाढला तर धार कातडीत रुतते, फार कमी झाला तर केस ओढले जातात. दुसऱ्या हाताने कातडी ताणून धरणे तितकेच महत्त्वाचे, कारण सैल कातडी धारेपुढे गोळा होते आणि तिथेच कापते. वस्तरा नेहमी धारेला आडव्या दिशेने सरकवावा. धारेच्या लांबीने सरकला तर तो सुरीसारखा चिरतो. जोर देऊ नये.

सुरुवातीचे काही दिवस फक्त गाल करावेत, कल्ल्यापासून खाली, केसांच्या दिशेने. मग मान, आणि शेवटी हनुवटी व वरचा ओठ. मानेवर केसांची दिशा जागोजागी बदलते, ती आधी बोटाने चाचपून घ्यावी. उलटा हात मारण्याची घाई करू नये. त्यानेच पुरळ आणि आत वाढणारे केस होतात. किरकोळ चिरेवर ओली तुरटी फिरवली की रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्त थांबते.

हात बसल्यावर खऱ्या पात्याचा वस्तरा घ्यावा. दर दाढीपूर्वी तो चामोट्यावर वीस-तीस फेऱ्या फिरवावा. पाठ पुढे, धार मागे. टोकाशी पाते उचलून नव्हे, पाठीवरच उलटवावे. धार पुढे ठेवून ढकलले तर चामडेही कापते आणि धारही मोडते. चामोट्याने वाकलेली धार सरळ होते, झिजलेली होत नाही. त्यासाठी काही महिन्यांनी बारीक दगड लागतो. दगडावर मात्र धार पुढे राहते.

दाढीनंतर पाते धुऊन पूर्ण कोरडे पुसावे, शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब लावावा आणि मोरीत ठेवू नये. स्वतःचा वस्तरा दुसऱ्याला देऊ नये.