रोगास उजेडांत आणणारा रंग

कुत्रा चावला म्हणजे घरांतील वडील माणसांचा पहिला प्रश्न असतो, ‘तो पिसाळलेला होता काय?’ जनावर मेलें असल्यास त्याच्या मेंदूच्या परीक्षेनें या प्रश्नाचें उत्तर आज कांहीं तासांत मिळूं शकतें. तें उत्तर देणारा हिरवा रंग रसायनशाळेंत कसा घडला, हें वाचकांस सांगावें असें आम्हांस वाटतें.

१८७१ सालीं जर्मन रसायनज्ञ आडॉल्फ फॉन बायर यांनीं रिसॉर्सिनॉल व थॅलिक ॲनहायड्राइड हे दोन पदार्थ एकत्र तापवून फ्लुओरेसीन तयार केलें. निळा प्रकाश पडला कीं हें द्रव्य हिरव्या तेजानें चमकतें. परंतु तें नेमकें रोगजंतूसच चिकटावें कसें?

रोगप्रतिकारार्थ रक्तांत उत्पन्न होणाऱ्या प्रतिपिंडांस हंसाप्रमाणें नीरक्षीरविवेक असतो. तीं आपल्या शत्रूसच ओळखून चिकटतात. १९४१ सालीं अमेरिकेंत हार्वर्ड येथें आल्बर्ट कून्स व त्यांचे सहकारी यांनीं या प्रतिपिंडांसच रंग जोडला. पहिला रंग निळा चमके. पण शरीराच्या पेशींसही निळसर झांक असते, त्यामुळें चोर कोण व साव कोण हें कळेना. म्हणून त्यांनीं फ्लुओरेसीन घेतलें, आणि १९४२ सालीं न्यूमोनियाच्या जंतूंचा अंश उंदरांच्या शरीरांत हिरवा चमकतांना दाखविला.

अडचण उरली ती जोडणीची. रंगास आयसोसायनेट नांवाचा रासायनिक आंकडा बसविण्यास फॉस्जीन हा विषारी वायु लागे, आणि सिद्ध झालेला पदार्थही टिकत नसे. १९५८ सालीं रिग्ज व त्यांच्या सहकाऱ्यांनीं त्या आंकड्यांतील ऑक्सिजनच्या जागीं गंधकाचा अणु आणला. एवढ्या फरकानें रंग टिकाऊ झाला, व सामान्य प्रयोगशाळांसही तो वापरतां येऊं लागला.

त्याच वर्षीं गोल्डवॉसर व किसलिंग यांनीं रंगीत प्रतिपिंडांची ही रीत पिसाळलेल्या कुत्र्यापासून होणाऱ्या अलर्क रोगास लाविली. पूर्वी संशयित मेंदूचा अंश उंदरांस टोचून पुष्कळ दिवस वाट पाहावी लागे. आतां सूक्ष्मदर्शकाखालीं हिरवे ठिपके दिसले कीं निदान झालें.

मात्र आमचें वाचकांस एवढेंच आग्रहाचें सांगणें आहे कीं, या परीक्षेची वाट पाहत बसूं नये. जखम तत्काळ साबणानें व वाहत्या पाण्यानें पंधरा मिनिटें धुवावी, आणि त्याच दिवशीं दवाखान्यांत जाऊन लस घ्यावी. रोगाचीं लक्षणें दिसूं लागल्यावर मनुष्य वांचणें जवळजवळ अशक्य असतें. रंगाचा उजेड निदानापुरता. प्राण वांचतो तो वेळेवर केलेल्या उपायानें.