परक्या घरचे एक वर्ष

आपल्या समाजात मुलाला शिक्षणासाठी परदेशी पाठवणे आता नवलाचे राहिलेले नाही. पण पदवीनंतर वसतिगृहात राहणे निराळे आणि सोळाव्या वर्षी एखाद्या अनोळखी कुटुंबात घरचे मूल म्हणून वर्षभर राहणे निराळे. या दुसऱ्या प्रकाराला विद्यार्थी-विनिमय म्हणतात. दोन्ही महायुद्धांत रुग्णवाहिका चालविणाऱ्या अमेरिकन स्वयंसेवकांच्या 'एएफएस' या संस्थेने १९४७ मध्ये शाळकरी मुलांची अशी देवाणघेवाण सुरू केली. आपल्याकडे रोटरीच्या युवा विनिमय योजनेतून बरीच मुले जातात. यजमान कुटुंबाला मोबदला मिळत नाही. मुलाला अन्न, निवारा आणि मायेची जागा ते आपखुशीने देतात. विमानभाडे, विमा, व्हिसा यांचा खर्च आपला. नियम कडक असतात: वाहन चालवायचे नाही, मद्य नाही, अमली पदार्थ नाहीत, प्रेमप्रकरण नाही.

माझ्या धाकट्या बंधूंची सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पेढी आहे. त्यांची कन्या दहावीनंतर अशा योजनेतून जर्मनीत हॅनोव्हरजवळच्या एका गावी गेली. घरात दोन हरकती निघाल्या. 'वर्ष वाया जाईल' ही पहिली आणि ती खरीच होती, कारण परतल्यावर तिला अकरावीला नव्याने बसावे लागले. दुसरी हरकत आहाराची. तिचा निवाडा आमच्या मातोश्रींनी केला. "मांस, मासे, अंडी यांत तडजोड नाही. बटाट्याचे तुझे तू ठरव, पण जे करशील ते मला सांगून कर," एवढेच त्या म्हणाल्या. ज्या देशात बटाटा हे मुख्य अन्न, तेथे कंदमूळ वर्ज्य करून परक्याच्या स्वयंपाकघरात वर्ष काढणे किती अवघड, हे घरातल्या सर्वांत वृद्ध व्यक्तीला सर्वांआधी उमगले. मुलीने बटाटा खाल्ला आणि त्याच रविवारी आजीला तसे सांगितलेही.

खरी अडचण निघाली ती सूर्याची. आपल्याकडे सूर्यास्ताची वेळ वर्षभरात तासा-सव्वातासाने मागेपुढे होते. हॅनोव्हरला जूनमध्ये सूर्य रात्री पावणेदहाच्या सुमारास मावळतो आणि डिसेंबरात दुपारी चारनंतर लगेच. तिकडे संध्याकाळचे जेवण सहाच्या सुमारास होते. त्यात शिजवण्याचे फारसे काही नसते. पाव, लोणी, चीज, काकडी, टोमॅटो, आणि इतरांसाठी मांसाचे थंड काप. पण हीच वेळ सारे कुटुंब एकत्र बसण्याची. मुलगी शाळेतून साडेतीनला येई, घाईने जेवून घेई आणि सहा वाजता सर्वांबरोबर रिकाम्या ताटलीसमोर बसे. यजमान आईला वाटले, मुलीला आपल्या हातचे आवडत नाही. आठवडाभर घरात अबोला नसला तरी अवघडलेपण होते. शेवटी मुलीने कॅलेंडर पुढे ठेवून, मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये, रात्रीचे न जेवण्यामागची जीवदयेची कल्पना समजावली. त्यावर त्या बाईंनी काय करावे? जर्मन घरांत रविवारी दुपारी कॉफी आणि केक यांची बैठक असते. ती त्यांनी तीन वाजता, पूर्ण जेवणासह ठेवायला सुरुवात केली. केकमध्ये अंडी असतात, म्हणून घरातल्या आजींनी दोन-तीन प्रयत्न फसल्यावर सफरचंदांचा बिनअंड्याचा केक साधला. मुलीने मात्र पाकिटांवरील बारीक अक्षरे वाचण्याची सवय लावून घेतली. गोळ्यांतले आणि दह्याच्या मिठाईतले जिलेटिन, काही चीजमधले वासराच्या जठरातले रेनेट, हे दुकानात उभे राहून तपासणे तिचे तिलाच करावे लागे.

बाकीचे रुळायला वेळ लागला नाही. हिवाळ्यातही दिवसातून दोनदा सर्व खिडक्या सताड उघडून खोलीची हवा बदलायची. कागद, प्लास्टिक, ओला कचरा आणि उरलेले यांचे डबे वेगळे. पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटलीवर २५ सेंट अनामत, ती दुकानातल्या यंत्रात बाटली परत टाकली की मिळते. (ही पद्धत आमच्या बंधूंना फार आवडली. व्यापारी माणसाला अनामतीचे महत्त्व सांगावे लागत नाही.) रविवारी दुकाने बंद. जर्मनमध्येही 'आपण' आणि 'तू' असा भेद आहे, तरी यजमान आईला नावाने हाक मारायची, हे आमच्या वहिनींच्या पचनी शेवटपर्यंत पडले नाही. शनिवारी न्हाणीघर घासण्याची पाळी मुलीकडे होती, हेही नाही. मला विचाराल तर या दुसऱ्या गोष्टीसाठीच मी तिला पाठवले असते.

शाळेच्या अर्धवार्षिक प्रगतिपुस्तकात गणितासमोर '२' हा आकडा पाहून बंधूंनी मला पेढीवरून फोन केला. जर्मनीत १ हा सर्वोत्तम आणि ६ हा सर्वांत वाईट शेरा, हे कळेपर्यंत त्यांचा जीव टांगणीला लागला होता.

फोनविषयी थोडे स्पष्ट लिहितो. पहिला महिनाभर आईवडील दिवसातून तीनदा बोलत. मुलगी शरीराने तिकडे आणि मनाने सांगलीत. भाषा काही केल्या येईना. मी बंधूंना म्हटले, मुदत ठेव रोज उघडून पाहिली म्हणून व्याज वाढत नाही. अखेर मुलीनेच रविवारची एक वेळ ठरवून दिली. पुढचे सहा आठवडे वहिनींना फार जड गेले. नाताळापर्यंत मात्र मुलगी जर्मनमध्ये भांडू लागली होती, आणि भाषा आल्याची याहून चांगली खूण मला ठाऊक नाही.

फेब्रुवारीत तिला दुसऱ्या कुटुंबात जावे लागले. रोटरीच्या पद्धतीत वर्षात दोन-तीन घरे बदलतात. तेथे दोन लहान मुले होती आणि स्वयंपाक यजमान वडील करीत. पहिल्या घरी वर्षभर राहता आले असते तर बरे, असे तिला वाटले. मला ती बदली योग्य वाटते. एक घर पाहून देश पाहिल्याचा भ्रम होतो.

आता पाळी आमची आहे. मूल पाठवले की पाहुणे मूल घरी ठेवायचे, असे आमच्याकडच्या क्लबने आधीच ठरवून दिले होते. येत्या पावसाळ्यात एक जर्मन मुलगी चार महिने बंधूंच्या घरी राहायला येते आहे. त्याच काळात पर्युषण आहे. घरात मांस शिजणार नाही, हे तिच्या घरी आधीच कळवले आहे आणि त्यांचे उत्तर आनंदाने आले आहे. बाहेर मैत्रिणींकडे ती काय खाईल, हे विचारायचे नाही, असे मातोश्रींनी बजावले आहे. पुतणीने वडिलांसाठी एक कागद लिहून स्वयंपाकघरात लावला आहे: पहिल्या आठवड्यात नातेवाईक बोलावू नका, ताटात आग्रह करू नका, खोलीचे दार बंद असले तर ठोठावा, आणि ती गप्प बसली तर आजारी आहे असे समजू नका, भाषेने दमली असेल. बंधूंनी त्याखाली स्वतःच्या अक्षरात एक ओळ जोडली आहे: रात्री आठला तिला भूक लागली, तर खिचडी कोण करणार?