आत्मा काट्यावर: जड, हलका की तेवढाच?

‘माणूस मेल्याबरोबर त्याचं वजन २१ ग्रॅमनं घटतं, आणि तेच आत्म्याचं वजन. हे विज्ञानानं सिद्ध केलंय म्हणे. खरं का?’ असा प्रश्न एका वाचकानं पाठवला आहे. सोबत मोबाइलवर फिरणारा मजकूरही जोडला आहे. २००३ मध्ये ‘२१ ग्रॅम्स’ नावाचा चित्रपट आला आणि या आकड्याला पाय फुटले. उत्तर ‘नाही’ एवढंच आहे. पण आकड्यामागची हकीगत त्या उत्तरापेक्षा पुष्कळ रंगतदार आहे.

डॉ. डंकन मॅकडूगल हे अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या हॅवरहिल गावचे. आत्मा जागा व्यापत असेल तर त्याला वजन हवं, आणि वजन असेल तर तो गेल्याचं काट्यावर दिसायला हवं, असा त्यांचा साधा हिशेब होता. त्यांनी मोठ्या वजनकाट्यावर खाट बसवली आणि तिच्यावर मरणपंथाला लागलेले रुग्ण ठेवले. हे बहुतेक क्षयाचे होते, कारण क्षयाचा रुग्ण शेवटी निपचित पडून असतो, काट्याला धक्के देत नाही. पहिला रुग्ण १० एप्रिल १९०१ रोजी गेला. तो तीन तास चाळीस मिनिटं खाटेवर होता. घाम आणि श्वासातली वाफ यांमुळे त्याचं वजन तासाला औंसभर उतरत होतं, हेही डॉक्टरांनी टिपून ठेवलं. प्राण जाताच काट्याची दांडी खाडकन खाली आदळली. फरक पाऊण औंसाचा, म्हणजे २१ ग्रॅमच्या किंचित वर.

आता पुढचे पाच. दुसरा नेमका केव्हा गेला हेच ठरेना. तिसऱ्याचं वजन आधी अर्धा औंस आणि काही मिनिटांनी आणखी एक औंस घटलं. चौथा आणि सहावा खुद्द मॅकडूगलनीच बाद केले, कारण काटा नीट जुळवलेला नव्हता. पाचव्याच्या वेळी काट्याचं वागणं कोड्यात टाकणारं होतं. सहातला एक सोयीचा, आणि तोच जगभर गेला. नंतर त्यांनी १५ कुत्री तोलली. त्यांच्यात फरक पडला नाही, म्हणून कुत्र्यांना आत्मा नसावा असं त्यांना वाटलं. कुत्र्यावाचून स्वर्गात पाऊल टाकायला नकार देणारा युधिष्ठिर ज्यांच्या ओळखीचा आहे, त्यांना हा निष्कर्ष पचणं कठीण.

मॅकडूगल यांचा निबंध १९०७ मध्ये छापून आला. ‘न्यूयॉर्क टाइम्स’नं त्याआधीच बातमी दिली होती. ऑगस्टस क्लार्क नावाच्या डॉक्टरांनी लगेच आक्षेप घेतला: मरताना फुप्फुसं रक्त थंड करायचं थांबवतात, अंग तापतं, घाम सुटतो, कुत्र्याला तसा घाम येत नाही. हे स्पष्टीकरण मला पुरेसं वाटत नाही. क्षणार्धात एवढं पाणी अंगावरून उडून जात नाही. पण शंका रास्त होती, आणि ती घेणाऱ्या क्लार्कचं नाव आज कुणाला आठवत नाही.

मला मात्र दाद द्यायची आहे ती तिसऱ्याच माणसाला. हा प्रयोग मॅकडूगलच्या कितीतरी शतकं आधी कोसलातल्या सेतव्या नगरीत होऊन गेल्याचं पाली ग्रंथ सांगतात. करणारा होता पायासी नावाचा सरदार. ‘दीघनिकाया’तल्या ‘पायासिसुत्ता’त कुमार कस्सप या भिक्षूबरोबर त्याचा वाद चालतो. परलोक नाही, पुनर्जन्म नाही, पापपुण्याचं फळ नाही, हे पायासीचं मत. संवाद रचलेला असेल, प्रयोग कधी झाले नसतीलही. पण ज्यानं कुणी ते कल्पिले त्याचं डोकं प्रयोगशाळेचं होतं.

पहिला पुरावा साक्षीचा. मरायला टेकलेल्या पापी नातेवाइकांना पायासी सांगे, नरकात गेलात तर येऊन मला कळवा. पुण्यवानांना सांगे, स्वर्गात गेलात तर या. कुणी परतलं नाही. मग देहदंडाच्या चोराला त्यानं जिवंत रांजणात घातलं, तोंड ओल्या कातड्यानं आणि मातीनं लिंपलं आणि रांजण चुलीवर चढवला. चोर मेल्यावर तोंड हळूच उघडून जीव बाहेर पडतो का ते पाहिलं. काही दिसलं नाही. दुसऱ्या चोराचं कातडं, मांस, स्नायू, हाडं असं एकेक सोडवून जीव शोधला. आणखी एकाला आधी तोललं, धनुष्याच्या दोरीनं गळा आवळून मारलं आणि पुन्हा तोललं. गळा आवळण्यामागे विचार असावा: कातडी फाटायला नको, रक्त सांडायला नको, नाहीतर वजनात गफलत व्हायची. क्रौर्य अंगावर काटा आणणारं आहे. पण चूक कुठून शिरेल याचा विचार हॅवरहिलच्या कितीतरी आधी झाला होता.

पायासीचं निरीक्षण असं की जिवंतपणी माणूस हलका आणि मऊ असतो, मेल्यावर जड आणि ताठ होतो. झोपलेलं मूल कडेवर दुप्पट जड वाटतं, तसा भास काट्यावर कसा उतरला कोण जाणे. कस्सपाचं उत्तर त्याहून गमतीचं. तो म्हणतो, तापलेला लोखंडाचा गोळा हलका आणि लवचिक असतो, थंड झाला की जड. ऊब असलेल्या देहाचं तसंच. लोखंड तापल्यानं हलकं होत नाही हे आपण शाळेत शिकलो. पण रसायनाच्या प्रयोगशाळेत गरम क्रुसिबल तोलायला गेलात तर सर ओरडतात, आधी थंड होऊ दे! गरम वस्तूभोवतीची हवा तापून वर चढते, तिला किंचित उचलते, आणि काटा कमी वजन दाखवतो. कस्सपाला हवेचे प्रवाह ठाऊक नव्हते, पण काटा त्याच्या बाजूनं होता.

हीच कथा जैन आगमांतल्या ‘राजप्रश्नीय’ ग्रंथातही आहे. तिथं राजा पएसी आणि त्याला उत्तर देणारे केशी श्रमण. चोर तसाच तोलला जातो, पण इथं जिवंत आणि मृत देहाचं वजन सारखंच भरतं. पालीत जड, प्राकृतात तेवढाच, अमेरिकेत हलका. एकच प्रयोग आणि शक्य होती तेवढी सगळी उत्तरं! केशींचा दृष्टान्त तर भौतिकशास्त्राच्या तोंडी परीक्षेत विचारावा असा आहे: चामड्याची पिशवी हवेनं भरून तोला, रिकामी करून तोला, फरक दिसत नाही, म्हणून आत हवा नव्हती असं म्हणाल का?

या पिशवीवरून ग्रीकांतही जुंपली होती. फुगवलेली पिशवी जड भरते, असं ॲरिस्टॉटल म्हणाला. टॉलेमी म्हणाला, हलकी भरते. सहाव्या शतकातला भाष्यकार सिंप्लिशियस यानं स्वतः तोलून पाहिलं आणि सांगितलं, सारखीच! पिशवी ताणून फुगवलेली नसेल तर सिंप्लिशियस आणि केशी बरोबर. हवेत बुडालेल्या हवेला बाहेरची हवा तेवढीच वर ढकलते, आणि काटा तिची दखल घेत नाही.

म्हणजे काट्याला काय विचारता येतं हे आधी ठरवावं लागतं. वैशेषिकांनी, म्हणजे कणादाच्या अनुयायांनी, ते ठरवून टाकलं होतं. त्यांच्या मते गुरुत्व, म्हणजे जडपणा, फक्त पृथ्वी आणि जल या दोनच द्रव्यांत असतो. आत्मा हे वेगळंच द्रव्य: सर्वव्यापी, ज्ञान आणि सुखदुःख हे त्याचे गुण. सगळीकडे असलेली वस्तू खाटेवरून उठून जाणार कुठं? कणादाच्या शिष्यानं मॅकडूगलना दारातूनच परत पाठवलं असतं. चार्वाकांनीही पाठवलं असतं, पण उलट कारणानं: किण्वातून जशी झिंग उपजते तसं महाभूतांच्या मेळातून चैतन्य उपजतं, मेळ मोडला की संपलं, निघून जायला काही उरतच नाही. कातडं सोलून जीव शोधणाऱ्या पायासीला कस्सपानं दिलेलं उत्तर मला या सगळ्यांत सरस वाटतं. अग्नी विझू नये म्हणून बसवलेला पोरगा खेळात रमतो, अग्नी विझतो, आणि मग तो अरणी फोडून, कुटून, भुगा उधळून त्यात अग्नी शोधत राहतो. अरणीत अग्नी साठवलेला नसतो, तो घासून घडवावा लागतो. कस्सप हे परलोकाच्या बाजूनं बोलत होता. आजचा मेंदूविज्ञानी हाच दृष्टान्त बेधडक विरुद्ध बाजूनं वापरेल.

युरोपात आत्मा आणि देह यांचा पेच सर्वांत नेमका मांडला तो एका चोवीस वर्षांच्या मुलीनं. बोहेमियाची राजकन्या एलिझाबेथ हेगमध्ये विजनवासात राहत होती. मे १६४३ मध्ये तिनं तत्त्वज्ञ देकार्तला पत्र लिहून विचारलं, आत्मा जागा व्यापत नसेल आणि कशाला स्पर्श करत नसेल, तर तो शरीराला हलवतो कसा? देकार्तनं उत्तरात दाखला कशाचा द्यावा? वजनाचा! जडपणा दगडाला खाली नेतो, पण तो दगडाला बाहेरून ढकलतो असं आपण मानत नाही, तसंच हे. एलिझाबेथ बधली नाही. निराकार वस्तू देहाला हलवते हे मानण्यापेक्षा आत्मा जागा व्यापतो हे मानणं मला सोपं वाटतं, असं तिनं जूनमध्ये कळवलं. तत्त्वज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांत देकार्तला प्रकरण मिळतं आणि तिला तळटीप.

मॅकडूगलच्या दुसऱ्या रुग्णाची अडचण, म्हणजे माणूस नेमका केव्हा गेला हे ठरवणं, अजून सुटलेली नाही. आपल्या १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार ब्रेनस्टेम मृत्यू ठरवायला चार डॉक्टरांचं मंडळ लागतं आणि चाचण्या किमान सहा तासांच्या अंतरानं दोनदा होतात. या सहा तासांत काट्यावरचा आकडा नेमका केव्हा वाचायचा?

पायासीचा पहिला प्रयोग, म्हणजे परतलेल्याची साक्ष, आज रुग्णालयांत चालतो. हृदय थांबून पुन्हा सुरू झालेले काही जण सांगतात की आम्ही छताजवळून स्वतःला पाहत होतो. सॅम पार्निया या संशोधकाच्या गटानं खोल्यांमध्ये उंच फळ्या बसवल्या आणि फक्त वरूनच दिसतील अशी चित्रं त्यांवर ठेवली. २०१४ मध्ये अहवाल आला. २,०६० जणांचं हृदय थांबलं होतं, मुलाखत देऊ शकले १४०. दोघांनी काही पाहिल्या-ऐकल्याचं सांगितलं, आणि दोघांच्याही खोलीत फळी नव्हती. पुढच्या फेरीत टॅब्लेटवर चित्रं दाखवली आणि कानात तीन फळांची नावं ऐकवली. २०२३ चा निकाल असा: ५६७ जणांपैकी ५३ बचावले, २८ मुलाखतीपर्यंत पोचले. चित्र एकालाही सांगता आलं नाही. फळं एकाला सांगता आली. छाती दाबताना मेंदूला थोडं रक्त मिळत असतं, त्यामुळे कानावर काही पडणं अशक्य नाही. आणि फळांची नावं नुसत्या अंदाजानंही जुळू शकतात.